दोन तवे आणि सोमवारची गाडी

सांगली,
शनिवार, दुपार

प्रिय भार्गवी,

अनेक आशीर्वाद. खिशात फोन असताना बाप पानेच्या पाने हाताने लिहितो, म्हणजे एकतर त्याला वानप्रस्थाश्रमाचे वेध लागले आहेत किंवा त्याचे काहीतरी चुकले आहे, असा तर्क तू करशील. वानप्रस्थाश्रमाला अवकाश आहे. शाळेने मला आणखी दोन वर्षे आठवीच्या वर्गाच्या स्वाधीन केलेले आहे. तेव्हा दुसऱ्या शक्यतेचा विचार कर, परंतु घाई करू नकोस. मी विषयाकडे प्रदक्षिणा घालत येणारा मनुष्य आहे, हे तुझी आई गेली तीस वर्षे सोसत आली आहे. विषय एवढाच, की परवा सोमवारी तुझे दोनशे चाळीस तवे साताऱ्याहून पुण्याच्या एका दुकानदाराकडे जाणाऱ्या गाडीत चढणार आहेत, आणि त्या गाडीचा विचार मनात आला की मी तपासलेल्या वह्या पुन्हा तपासतो. असे का होते, हे सांगण्याचे धैर्य पत्राच्या शेवटापर्यंत गोळा होईल अशी आशा आहे. तोवर मी तुलनात्मक अध्ययन करतो. संस्कृतचा शिक्षक घाबरला की तुलनात्मक अध्ययनच करतो.

प्रथम घरची वार्ता. गेले सतरा दिवस आपल्या स्वयंपाकगृहाची सूत्रे माझ्या हाती आहेत. कारण विचारू नकोस. सत्तांतराची कारणे इतिहासकार मागाहून लिहितात. प्रजा अर्थातच असंतुष्ट आहे. रंगूबाईंनी पहिल्याच दिवशी भांडी घासता घासता मला विचारले, "सर, भाजीत मीठ घातलंय, का आमची परीक्षा घेतलीया?" मी म्हणालो, रंगूबाई, लवण हा गौण रस आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "व्हय, पन खाणारं मानूस गौण न्हाई." गेली बावीस वर्षे ही बाई आपल्या घरी भांडी घासते आणि मला वादात एकदाही जिंकू देत नाही. वरणाला फोडणी देणे, भात न करपवणे आणि भाकरी थापताना तिचा आकार कोणत्याही ज्ञात देशाच्या नकाशासारखा होऊ न देणे, एवढ्या तीन विद्यांपैकी पहिली मला साध्य झाली आहे. दुसरी प्रगतिपथावर आहे. तिसरीविषयी मौन श्रेयस्कर.

या राज्यकारभारातूनच मला तव्यांच्या शास्त्रात रुची उत्पन्न झाली, असे तू समज. तू वीस दिवसांपूर्वी कुरियरने दोन तवे पाठवलेस, एक आपल्या घरासाठी आणि एक वाईच्या मावशीसाठी. मावशीचा तवा वाईला पोहोचलेला नाही. तो मी अडवून ठेवला आणि मावशीला सांगितले की कुरियरवाल्यांचा घोळ झाला आहे. हे असत्य होते. या पत्रात आणखी काही असत्ये उघडकीस येतील. हे त्यातले सर्वांत लहान आहे. आपल्या घरच्या तव्याचे काय झाले, हा प्रश्न तूर्त उपस्थित करू नये.

तुलनेसाठी प्रतिस्पर्धी हवा होता. मागच्या शनिवारी तासगावला एका स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. सातवीच्या मुलांनी तीच पाच सुभाषिते सदतीस वेळा म्हटली, आणि सुटका झाल्यावर मी बाजारात शिरलो. तिथे सुलाबाई नावाच्या एक बाई खाली पोते अंथरून विळ्या, उलथणी, खलबत्ते आणि बिडाचे तवे घेऊन बसलेल्या असतात. मी एक तवा उचलला आणि सवयीप्रमाणे विचारले, हा उत्तम आहे का? त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "आवं, तवा हाय त्यो. उत्तम असाया काय जावई हाय व्हय?" किंमत साडेचारशे. मी म्हटले, माझ्या मुलीच्या कारखान्यात असाच तवा चोवीसशेला मिळतो. सुलाबाईंनी शेजारच्या बांगडीवालीला हाक मारून ही वार्ता सांगितली, आणि दोघी मिळून पदराआड हसल्या. मग मला म्हणाल्या, "त्यो तवा काय स्वतःच भाकरी थापतो?" भार्गवी, तुझ्या मालाच्या वतीने मी तिथे पृष्ठभागाची श्लक्ष्णता, तैलसंस्कार, आरोग्यदायी लोहतत्त्व इत्यादी मुद्दे मांडले. बांगडीवालीने मला पाणी प्यायला दिले. परतीच्या एस.टी.त वर्तमानपत्रात बांधलेला तो तवा मी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि कंडक्टरने "सर, लोखंडाचं अर्धं तिकीट काढू का?" असे विचारून गाडीभर लोकांची करमणूक केली.

आता प्रत्यक्ष तुलना. मी पक्षपाती आहे हे मान्य करूनही सांगतो, की पहिल्या तीन कसोट्यांत तुझा तवा निर्विवाद श्रेष्ठ ठरला. दर्शन: तुझा 'असिता' तवा खोक्यातून निघाला तो सुती पिशवीत, सोबत जाड कागदाची पुस्तिका, आणि अंगावर अशी काळी झळाळी की तिच्यात माझे टक्कल मला सन्मानपूर्वक दिसले. तासगावच्या तव्याच्या अंगावर ओतकामाच्या वाळूचे कण अद्याप चिकटलेले होते, आणि एका बाजूला ज्याने साचा दाबला त्याच्या अंगठ्याचा ठसा. पूर्वतयारी: तुझा तवा पहिल्या दिवसापासून सेवेस सिद्ध. तासगावच्या तव्याला मात्र मी तीन दिवस घासले, तेल चोपडले, तापवले, पुन्हा तेल चोपडले, अर्धा कांदा फिरवला. आणि तरीही त्याने पहिली चार धिरडी गिळंकृत केली. पाचवे धिरडे निघाले तेव्हा त्याच्या तळाशी तव्याचा सारा पूर्वेतिहास उमटला होता. तिसरी कसोटी वजन. तासगावचा तवा दोन किलो नऊशे ग्रॅम, तुझा एक किलो चारशे. वाण्याच्या काट्यावर दोनदा मोजले.

या वजनापाशी मला थोडे थांबले पाहिजे. तुला आठवते का नाही, ठाऊक नाही. तू नऊ वर्षांची होतीस. आपल्या जुन्या घरातला तो जाड तवा, जो आईने लग्नात माहेरून आणला होता, तो उतरवताना तिचे मनगट रोज दुखायचे. ती तवा ओट्यावर ठेवायची, पदराला हात पुसायची आणि मनगट दुसऱ्या हाताने दाबत उभी राहायची. एवढेच. कधी बोलली नाही, आणि मी कधी विचारले नाही, कारण मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत शब्दसिद्धी तपासत असे. तू मात्र एकदा कंपासपेटीतली पट्टी घेऊन तव्याची जाडी मोजलीस आणि जेवताना जाहीर केलेस की हा तवा विनाकारण जाड आहे. आम्ही हसलो. पुढे तू इंजिनियर झालीस, पुण्याची नोकरी सोडलीस, अंकिताला भागीदार घेऊन साताऱ्याच्या एमआयडीसीत ते पत्र्याचे छप्पर भाड्याने घेतलेस. आणि लोकांनी विचारले की हिला एवढे सोडून तवेच का करावेसे वाटले, तेव्हा तू बाजारपेठेचे आकडे सांगायचीस. मला आकड्यांतले काही कळत नाही. पण तुझा पहिला तवा हातात घेऊन त्याची कड मी अंगठ्याने चाचपली, तेव्हा तू तो कुणासाठी पातळ केला आहेस हे मला कळले. आईलाही कळले. ती फोनवर तुला म्हणाली ना, "अगं, फुलासारखा हलका आहे"? ते तिचे शब्द पूर्णपणे खरे होते. त्या दिवशी तरी.

त्यानंतर अंकिताचा निरोप आला, की खोक्यावर छापण्यासाठी सरांचा अभिप्राय हवा, शुद्ध आणि भारदस्त. मी सहा ओळी पाठवल्या. त्या आता दोनशे चाळीस खोक्यांवर सोनेरी अक्षरांत आहेत: 'परंपरा आणि प्रज्ञा यांचा हा मनोज्ञ संगम असून प्रत्येक पाकशालेत तो निःशंकपणे प्रतिष्ठापित व्हावा.' तू मला खोक्याचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलेस, 'बाबा, निःशंकपणे हा शब्द अंकिताला फार आवडला.' त्या फोटोला मी वर केलेल्या अंगठ्याचे चित्र पाठवले. तेव्हापासून तो शब्द मला वर्गात, रस्त्यात, दाढी करताना आठवतो. शिकवताना एकदा 'निःशंक' या समासाचा विग्रह करायची वेळ आली, तर मी मुलांना म्हटले, पुढचा घ्या.

कारण मला शंका होती. ती कुठून आली, हे शेवटी. परंतु तिचे निरसन करण्यासाठी मी गुरुवारी नैमित्तिक रजा घेतली, आई रंगूबाईंना सोबत घेऊन मिरजेला गेली होती अशी वेळ साधली, आणि चौथी कसोटी मांडली. धिरडी, आंबोळ्या घालणारी प्रत्येक बाई काय करते हे तुला ठाऊक आहे. तवा फार तापला की ती बोटांनी त्यावर पाण्याचा हबका मारते, चर्र आवाज ऐकते, फडक्याने पुसते आणि मग पीठ पसरते. एका घाण्यात दहा वेळा. तुझ्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर, तळाशी, बारीक टाइपात लिहिले आहे की तापलेल्या तव्यावर गार पाणी टाकू नये. वाक्य निर्दोष आहे. परंतु साताऱ्यापासून जतपर्यंत अशी एकही स्त्री मला दाखव, जी चौथे पान वाचून धिरडे घालते. हबका हा तिच्या हाताचा भाग आहे. ती तो मारत नाही, तो तिच्याकडून मारला जातो. तुम्ही तव्याला उंचावरून पाडून पाहिलेत, भट्टीत घालून पाहिलेत, त्यावर अंडी घातलीत, मासे तळलेत. तू आणि अंकिता दोघीही हुशार, आणि दोघींनीही आयुष्यात धिरडे घातलेले नाही. ही चाचणी तुमच्या यादीत नव्हती, आणि ती सुचवू शकले असते असे एकमेव माणूस तुमच्या तव्याविषयी वावगा शब्द उच्चारणार नव्हते.

मी अंगावर रेनकोट चढवला, मस्तकी हेल्मेट धारण केले, एका हाती पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हाती पेन्सिल घेतली. दोन शेगड्यांवर दोन तवे: एक तासगावचा, एक मावशीसाठी आलेला. शेजारच्या मुकुलने खिडकीतून डोकावून विचारले, "काका, सिलिंडर गळतोय का? बाहेर या आधी!" मी म्हणालो, अनुष्ठान चालू आहे. तो बँकेत नोकरीला आहे, त्याला विचित्र माणसांची सवय आहे. तो निघून गेला. मी प्रत्येक तव्याला एकशे आठ हबक्यांचा संकल्प सोडला होता. बारा झाले, काही नाही. अठरा झाले, काही नाही. मी पेन्सिलीने रेघा ओढत होतो आणि तुला सांगतो, मी तुझ्या तव्याशी बोलत होतो. एरवी मी कशाशीही आर्जवाने बोलत नाही, मुख्याध्यापकांशीही नाही. परंतु त्या तव्याला मी म्हणत होतो, टिक बाबा, एकशे आठ होऊ देत, मग मी आयुष्यात पुन्हा शंका घेणार नाही. तेविसाव्या हबक्याला टाळी वाजावी तसा आवाज झाला. तवा कडेपासून मध्यापर्यंत आणि मध्यापासून दुसऱ्या कडेपर्यंत उभा चिरला, आणि मुठीकडचा अर्धा भाग शेगडीवरून घसरून माझ्या पायाजवळ फरशीवर पडला. फरशीचा टवका उडाला. मी हेल्मेट घालून तसाच उभा राहिलो. मग शेजारच्या तव्याचे उरलेले हबके पूर्ण केले, कारण प्रयोग अर्धवट सोडता येत नाही. तासगावच्या तव्याने एकशे आठही पचवले. रंगूबाई मिरजेहून परतल्या, त्यांनी त्या खडबडीत तव्याकडे आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यो तवा म्हंजी म्हस हाय, सर. रूप न्हाई, पन दावं तोडत न्हाई." तुकडे मी तोवर पिशवीत घातले होते.

ते तुकडे घेऊन काल सकाळी मी नानासोंकडे गेलो. नानासो म्हणजे आपल्या गल्लीच्या टोकाला राहतात ते. त्यांनी तीस वर्षे ओतकारखान्यात वितळलेले बीड साच्यात ओतले आहे, आणि त्यांच्या भुवया त्याच कारखान्यात कायमच्या राहिल्या आहेत. मी म्हणालो, एका परिचिताच्या मालाविषयी मत हवे आहे. त्यांनी तुकडा उन्हात धरला. "परिचिताच्या का पोरीच्या?" मी दुसरा तुकडा पुढे केला. ते म्हणाले, "हिकडं बघा सर. कडंला पांढरं चमकतंय, अन् मधी करडं. दिसलं? बीड पातळ ओतलं की साच्यात गपकन गार पडतंय. मग ते काचंवानी हुतंय. वरनं लेथवर घासलं, अजून बारीक झालं. देखणं हाय, पर ठिसूळ हाय." मी विचारले, सगळेच असे निघतील का? "समदं कशाला निघतील? धा तव्यांतलं चार-पाच. पर कुठलं चार-पाच, हे तवा आधी सांगत न्हाई." मग माझी अवस्था पाहून त्यांनी तुकडा खाली ठेवला. "आवं, तोंड पाडाया काय झालं? जाडी जरा वाढवायची, न्हाईतर बिडाचा मसाला बदलायचा. म्हैन्याचं काम हाय. पोरीची चूक न्हाई ह्यात, आमचीबी सुरवातीची लय फुटली." आणि थोडे थांबून म्हणाले, "फकस्त आमी ती भंगारात टाकली, सर. बाजारात न्हाई."

काल सकाळपासून मी हिशेब करतो आहे आणि तो मला जमत नाही. दहातले चार, म्हणजे दोनशे चाळिसातले शहाण्णव. शहाण्णव स्वयंपाकघरे. कुठे आजी थालीपीठ लावत असेल, तव्याच्या मध्यात तेल सोडलेले असेल. कुठे पायाशी मूल रांगत असेल. मी संस्कृतचा शिक्षक. माझ्या हातून आजवर घडलेला सर्वांत मोठा अपघात म्हणजे एका मुलाला पस्तीसऐवजी चौतीस गुण. असल्या संख्या माझ्या सवयीच्या नाहीत. मी तीनदा तुला फोन लावला. तिन्ही वेळा तू "बाबा, पॅकिंग चाललंय, पटकन बोला" म्हणालीस, मागे चिकटपट्टी ओढल्याचे आवाज येत होते, अंकिता कुणाला तरी हसत ओरडत होती; आणि तिन्ही वेळा मी काहीतरी विनोद केला. शेवटचा तर बराच चांगला होता. तू हसलीस, आणि मी फोन ठेवून खुर्चीत बसून राहिलो. मला हे तेव्हाच उमगले, की मी तोंडाने कधीही हे सांगू शकणार नाही. जीभ वळवळते आणि विनोद बाहेर पडतो. छप्पन्न वर्षांची खोड आहे. कागदावर निदान खोडता येते. या पत्रात मी बरेच विनोद खोडले आहेत, उरलेले क्षम्य मान.

आता ते सांगतो. आपल्या घरचा तवा सतरा दिवसांपूर्वी फुटला. मी समोर नव्हतो, बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होतो. आवाज ऐकून आत गेलो तेव्हा आई ओट्याला पाठ टेकून खाली बसली होती आणि उजवा हात डाव्या हाताने धरून होती. ती थालीपीठ लावण्याआधी सवयीने हबका मारून गेली होती, कडेला तेल होते. मनगटापासून बोटांपर्यंत भाजले आहे. ती मिरजेला जाते ती ड्रेसिंगसाठी. डॉक्टर म्हणतात बोटे वळतील, पण कधी ते सांगत नाहीत. पट्टी बांधून घरी आल्यावर तिने माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाली, "अहो, पोरीनं माझ्या मनगटासाठी केलाय तो. हे कळलं तर ती पुन्हा भट्टीसमोर उभी राहायची नाही. एखादा निघतो तसा, तेवढ्यासाठी तिचं मोडू नका." म्हणून तुझ्याशी बोलताना ती फक्त चेहरा दाखवते. मी शब्द दिला. आणि त्यानंतर आठव्या दिवशी, ती पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसलेली असताना, मी त्या सहा ओळी लिहिल्या. म्हणजे मला माहीत होते. 'निःशंकपणे' लिहिताना मला माहीत होते. एखादाच निघाला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि ती गुरुवारपर्यंत टिकली. यात आईचा दोष नाही, तिने आईपण केले. तुझा नाही, तू तुझ्या परीने जीव ओतलास. दोष त्याचा आहे ज्याने खोटे लिहून त्याखाली सही केली. आईला मी सांगितले आहे की उद्या वाईला मावशीकडे जाऊन येतो. प्रत्यक्षात हे पत्र मी स्वतः घेऊन सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला येणार, तुझ्या हातात देणार, आणि एक शब्दही न बोलता बाहेर पायरीवर जाऊन बसणार आहे. तू हे वाचत आहेस म्हणजे मी आत्ता तिथे बसलो आहे. तुकडे माझ्याजवळ आहेत, दोन्ही तव्यांचे. भार्गवी, गाडी निघू देऊ नकोस. आधी त्या पुण्याच्या दुकानदाराला फोन कर, मग बाहेर ये आणि मला हवे ते बोल. मी मध्ये विनोद करणार नाही.

तुझाच,
बाबा